वाचकांचे प्रश्न : डेट्रॉइटची गोदामं आणि अॅल्युमिनियमचा भाव

गोल्डमन सॅक्स या गुंतवणूक बँकेने फेब्रुवारी २०१० मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइट परिसरात गोदामं चालवणारी ‘मेट्रो इंटरनॅशनल’ ही कंपनी विकत घेतली आणि २०१४ च्या अखेरीस विकून टाकली. मधल्या काळात तिथून अॅल्युमिनियम बाहेर काढायला लोकांना दीड-पावणेदोन वर्षं थांबावं लागत होतं. हे प्रकरण अमेरिकी सिनेटपर्यंत गेलं. गेल्या अंकात त्यावर छोटं टिपण छापल्यावर आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न इथे घेतले आहेत.

बँकांनी साठा करून भाव चढवला म्हणतात. पण मी लंडनचे जुने भाव काढून पाहिले, तर त्या वर्षांत अॅल्युमिनियम स्वस्तच झालेलं दिसतं. मग आरोप नेमका कशाचा?
*(वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, पुणे)*

तुमचं निरीक्षण बरोबर आहे आणि गोल्डमनचा बचावही हाच होता. जुलै २००८ मध्ये टनाला ३,३०० डॉलरच्या वर गेलेला भाव २०१३ मध्ये १,८०० च्या आसपास होता.

पण कारखानदार धातूसाठी जे पैसे मोजतो त्याचे दोन भाग असतात. पहिला लंडन मेटल एक्स्चेंजचा, म्हणजे एलएमईचा भाव. दुसरा त्या-त्या प्रदेशाचा प्रीमियम. एलएमईच्या भावात माल मिळतो तो एक्स्चेंजने मान्य केलेल्या कुठल्या तरी गोदामात, आणि तोही विकणाऱ्याच्या पसंतीच्या गावी. तो आपल्या दारात, हव्या त्या दिवशी हवा असेल तर वर जे मोजायचं ते प्रीमियम. अमेरिकेत त्याला मिडवेस्ट प्रीमियम म्हणतात आणि तो पौंडाला इतके सेंट असा सांगितला जातो. २०१० च्या सुरुवातीला तो ६ सेंटच्या आसपास होता. २०१३ च्या मध्यावर १२ झाला, २०१५ च्या सुरुवातीला २४ सेंटपर्यंत गेला. टनाच्या हिशेबात ६ सेंट म्हणजे सुमारे १३२ डॉलर आणि २४ सेंट म्हणजे ५२९ डॉलर. मूळ भाव १,८०० धरला, तर वरचा खर्चच त्याच्या जवळपास तीस टक्के झाला.

आरोप या दुसऱ्या भागाबद्दलचा आहे. मूळ भावाची जोखीम वायद्यात (पुढच्या तारखेचा भाव आजच ठरवणाऱ्या करारात) झाकता येते. प्रीमियमची जोखीम झाकण्याची सोय तेव्हा नावापुरतीच होती, त्यामुळे धातू वापरणाऱ्यांना तो वाढेल तसा सोसावा लागला. कोका-कोलाने २०११ मध्येच एलएमईकडे तक्रार केली होती. मिलरकूर्स ही बिअर कंपनी जुलै २०१३ मध्ये सिनेटच्या उपसमितीपुढे जाऊन बोलली. तक्रार करणाऱ्यांत नोव्हेलिसही होती. डब्यांसाठी अॅल्युमिनियमचा पत्रा लाटणारी ही मोठी कंपनी २००७ पासून आपल्या हिंडाल्कोच्या मालकीची आहे.

मी त्याच भागात, मिशिगनमध्ये राहतो. गोदामं धातूने भरलेली असताना माल काढायला रांग कशी लागते? ट्रक कमी होते का?
*(अभियंता, ट्रॉय)*

ट्रक भरपूर होते. आडवा आला तो नियम.

एलएमईच्या गोदामातल्या मालाची मालकी वॉरंटवर असते. अॅल्युमिनियमचं एक वॉरंट २५ टनांचं. माल बाहेर काढायचा असेल तर मालक वॉरंट रद्द करतो आणि गोदामाच्या रांगेत त्याचा नंबर लागतो. गोदामाने दिवसाला किमान किती टन बाहेर सोडायचं हे एलएमई ठरवतं. त्या वेळी एका शहरात नऊ लाख टनांपेक्षा जास्त साठा असणाऱ्या कंपनीसाठी हे किमान होतं फक्त १,५०० टन. मेख अशी, की हा आकडा एका शहरातल्या एका कंपनीसाठी होता, एकेका गोदामासाठी नव्हता. मेट्रोची डेट्रॉइट परिसरात २७ गोदामं होती, पण सगळी मिळून कोटा एकच. आणि ‘किमान’ म्हणून लिहिलेला आकडा व्यवहारात ‘कमाल’ झाला. त्याहून जास्त माल सोडायला गोदामवाल्याला कारणच काय? माल गेला की भाडं गेलं.

एप्रिल २०१२ मध्ये हे किमान ३,००० टन झालं. तरी हिशेब पाहा. समजा, रांगेत १२ लाख टन आहे. रोज ३,००० टनांनी ४०० कामाचे दिवस लागतात. शनिवार-रविवार धरले तर ५६० दिवस. प्रत्यक्षात मेट्रोची रांग २०१० मधल्या सुमारे ४० दिवसांवरून २०१४ मध्ये ६०० च्या पुढे गेली.

रांगेत असतानाही भाडं चालू राहतं. डेट्रॉइटचा दर टनाला दिवसाला सुमारे ४८ सेंट होता. ६०० दिवस म्हणजे २८८ डॉलर, अर्थात पौंडाला १३ सेंट. प्रीमियमच्या वाढीशी हा आकडा ताडून पाहा.

आता यातला खरा चाप. येणाऱ्या टनामागे पावणेतीनशे-तीनशे डॉलर भाडं पक्कं आहे असं दिसलं, की गोदामवाला त्यातले शंभर-दीडशे आगाऊ देऊन नवा माल ओढून आणू शकतो. धंद्यात याला ‘फ्रेट इन्सेंटिव्ह’ म्हणतात. धातू वितळवणाऱ्या कंपनीपुढे मग दोन गिऱ्हाईकं उभी राहतात : डबे बनवणारा कारखाना आणि गोदाम. गोदाम जितकं जास्त देईल, तितकं कारखान्यालाही मोजावं लागतं. म्हणजे रांग लांबली की पक्कं भाडं वाढतं, त्यातून आमिष वाढतं, आमिषाने माल आत येतो आणि रांग आणखी लांबते. प्रीमियम या चक्रातून वाढला. माल लपवून ठेवण्याची गरजच नव्हती. साठ्याचा आकडा एलएमई रोज प्रसिद्ध करत होतं.

रांग आपोआप लांबली असती तर हे प्रकरण नुसत्या ढिसाळ नियमावर संपलं असतं. पण कार्ल लेव्हिन यांच्या अध्यक्षतेखालच्या सिनेट उपसमितीने नोव्हेंबर २०१४ मध्ये दिलेल्या अहवालात सहा व्यवहार नोंदले आहेत, एकूण सुमारे सहा लाख टनांचे. डॉइश बँक, रेड काइट हा हेज फंड, ग्लेनकोर ही धातूंचा व्यापार करणारी कंपनी अशा बड्या मालकांना मेट्रोने पैसे दिले. त्यांनी वॉरंटं रद्द केली, माल रांगेत लागला. नंबर आल्यावर तो मेट्रोच्याच एका गोदामातून निघून मेट्रोच्याच दुसऱ्या गोदामात जाऊन पडला. नियमाच्या दृष्टीने रोजचा कोटा पूर्ण! मागे उभा असलेला डबेवाला मात्र तसाच थांबलेला. तुमच्याकडच्या रस्त्यांवर त्या वर्षांत अॅल्युमिनियमने भरलेले ट्रक एका शेडमधून दुसऱ्या शेडकडे जात होते, ते याचसाठी. कामगारांनीच या खेळाला ‘मेरी-गो-राउंड’ असं नाव पाडलं होतं.

वाट पाहणं इतकं महाग, तर रांगेत उभे राहणारे होते तरी कोण? आणि इतका माल साठला कसा?
*(निवृत्त बँक अधिकारी, सांगली)*

रांगेतले बरेचसे कारखानदार नव्हतेच. ते माल साठवून पैसे कमावणारे होते, आणि त्यांना महागड्या एलएमई गोदामातून स्वस्त गोदामात जायचं होतं.

२००८ च्या मंदीत मागणी कोसळली, पण वितळभट्ट्या पटकन बंद करता येत नाहीत. भट्टीतल्या कढया थंड झाल्या की पुन्हा चालू करायला मोठा खर्च येतो. त्यामुळे माल निघत राहिला. हजर भाव (लगेच मिळणाऱ्या मालाचा) पडला आणि पुढच्या महिन्यांचे वायदे त्याहून वर राहिले. या स्थितीला कॉन्टँगो म्हणतात. त्यातच डिसेंबर २००८ पासून अमेरिकेत व्याजदर शून्यालगत आले.

गणित असं मांडा (आकडे समजण्यापुरते). आज २,००० डॉलरला टन घेतलं आणि १५ महिन्यांनंतरच्या वायद्यात २,१५० ला विकून टाकलं. फरक १५० डॉलर. १ टक्क्याने पैसे उचलले तर व्याज २५. साध्या गोदामात दिवसाला १० सेंट भाडं, ४५० दिवसांचे ४५. विमा ५. हातात उरले ७५ डॉलर, आणि भाव वर जावो की खाली, फरक पडत नाही. हाच माल ४८ सेंटच्या गोदामात ठेवला तर नुसतं भाडंच २१६ होतं, म्हणजे धंदा तोट्यात. म्हणून वॉरंट रद्द करायचं, रांग सोसायची आणि माल स्वस्त शेडमध्ये हलवायचा. त्यांच्या रांगेमागे खऱ्या गरजेचा गिऱ्हाईक अडकला.

ही बिनजोखमीची कमाई व्याजावर उभी असते. वरच्या गणितात व्याज ५ टक्के धरा : १५ महिन्यांचे १२५ डॉलर. १५० मधून ते आणि ४५ भाडं वजा केलं की उलट पदरचे जातात.

बँकेला गोदाम चालवायला परवानगी कशी मिळाली? आपल्याकडे स्टेट बँक तांब्याची वखार काढू शकेल का?
*(सनदी लेखापाल, नाशिक)*

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी : नाही. आपल्या १९४९ च्या बँकिंग नियमन कायद्याचं कलम ८ बँकेला मालाची खरेदी-विक्री करू देत नाही. तारण ठेवलेला माल विकून कर्ज वसूल करणं हा अपवाद. बँक वखार पावतीवर कर्ज देते, माल स्वतःच्या नावावर घेत नाही. २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांच्या उपकंपन्यांना कमोडिटी वायद्यांची दलाली करू दिली, तीही ग्राहकांसाठीच.

अमेरिकेतही बँकिंग आणि व्यापार यांत भिंत होती. १९९९ च्या ग्रॅम-लीच-ब्लायली कायद्याने तिला तीन खिंडारं पाडली. एक, मुख्य धंद्याला ‘पूरक’ म्हणून फेडरल रिझर्व्ह या अमेरिकी मध्यवर्ती बँकेच्या परवानगीने मालाचा व्यवहार. ही वाट २००३ मध्ये सिटीग्रुपला मिळाली आणि नंतर इतरांना. दुसरं, जी संस्था आधी बँक नव्हती आणि नंतर झाली, तिचा जुना कमोडिटी धंदा चालू ठेवण्याची मुभा. सप्टेंबर २००८ मध्ये, संकटाच्या ऐन भरात, गोल्डमन आणि मॉर्गन स्टॅन्ले बँक होल्डिंग कंपन्या झाल्या. सरकारी आधाराची दारं उघडली आणि जुनं दुकानही राहिलं. तिसरं, ठरावीक मुदतीची गुंतवणूक म्हणून बिगर-बँकिंग कंपनी विकत घेण्याची मुभा, म्हणजे ‘मर्चंट बँकिंग’. मेट्रो गोल्डमनने या वाटेने घेतली.

इथे आणखी एक गाठ आहे, तिच्याकडे पुरेसं लक्ष गेलं नाही असं आमचं मत. गोदामांचे नियम करणारं एलएमई २०१२ पर्यंत स्वतःच्या सदस्यांच्या मालकीचं होतं आणि त्यात सर्वांत मोठे भागधारक होते जेपी मॉर्गन आणि गोल्डमन. शिवाय गोदामभाड्याचा १.१ टक्का एलएमईला मिळत असे. रांग छोटी करण्याचा उत्साह कुणाला असणार? २०१२ मध्ये हाँगकाँगच्या एक्स्चेंजने एलएमई विकत घेतलं आणि त्यानंतरच नियमांना दात आले.

आमच्या तूर-हरभऱ्याच्या साठ्यावर लगेच मर्यादा येते, छापे पडतात. मोठ्या बँकांना कुणी विचारत नाही का?
*(भुसार व्यापारी, लातूर)*

राग समजतो, पण दोन्ही गोष्टी एका तागडीत बसत नाहीत. आपल्याकडे १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली साठ्याची मर्यादा येते. जून २०२३ मध्ये तुरीसाठी ती आली तेव्हा घाऊक व्यापाऱ्याला सुरुवातीला २०० टन आणि किरकोळ दुकानाला ५ टन होती. तो कायदा तुमच्याकडे किती माल आहे हे पाहतो. धातूच्या प्रत्यक्ष साठ्यावर अमेरिकेत किंवा लंडनमध्ये अशी मर्यादा नाही. वायद्यांवर नजर असते, गोदामावर एलएमईचा करार. गोल्डमनकडे २०१२ मध्ये एका वेळी सुमारे १५ लाख टन अॅल्युमिनियम होतं, उत्तर अमेरिकेच्या वर्षभराच्या वापराच्या चतुर्थांश. ते बाळगणं बेकायदा नव्हतं.

आमच्या मते साठ्याची मर्यादा डेट्रॉइटमध्ये कामाला आलीही नसती. दोष साठ्यात नव्हता, माल सोडण्याच्या वेगात होता. उपायही तिथेच लागू पडला. फेब्रुवारी २०१५ पासून ५० दिवसांहून लांब रांग असलेल्या गोदामाला आत घेतल्यापेक्षा जास्त माल बाहेर सोडणं भाग पडलं. हा नियम आधीच यायचा होता, पण रूसाल या अॅल्युमिनियम बनवणाऱ्या रशियन कंपनीने ब्रिटनच्या न्यायालयात तो अडवला. प्रीमियम चढा राहण्यात वितळवणाऱ्यांचाही फायदाच होता ना! मग २०१६ मध्ये रांगेतल्या भाड्यालाच कात्री लागली. रांग फार लांबली तर पुढच्या दिवसांचं भाडं मिळत नाही. रांगेतून मिळणारे पैसे बंद होताच रांगा आटल्या. आशियात आधार धरला जाणारा जपानच्या बंदरांचा प्रीमियम २०१५ च्या पहिल्या तिमाहीत टनाला ४२५ डॉलर होता, शेवटच्या तिमाहीत ९० वर आला.

कागदावर दाखवलेला माल गोदामात खरंच असतो का? एनएसईएलनंतर विश्वास उडाला आहे.
*(गृहिणी आणि गुंतवणूकदार, डोंबिवली)*

डेट्रॉइटमध्ये धातू होता. तक्रार तो मिळत नाही ही होती. योगायोग असा, की सिनेटमध्ये त्याची सुनावणी झाली त्याच जुलै २०१३ च्या ३१ तारखेला मुंबईत नॅशनल स्पॉट एक्स्चेंज (एनएसईएल) बंद पडलं आणि सुमारे ५,६०० कोटी रुपये अडकले. तिथे पावत्या होत्या आणि त्यांच्यामागचा माल बहुतांश नव्हताच.

एलएमईही निर्दोष नाही. मार्च २०२३ मध्ये रॉटरडॅमच्या एका गोदामात निकेल म्हणून ठेवलेल्या पोत्यांत दगड निघाले. नऊ वॉरंटं, ५४ टन. वजन करून पाहिलं म्हणून कळलं. तुम्हाला वखार पावतीवर पैसे गुंतवायचे असतील तर गोदाम डब्ल्यूडीआरए या गोदामांच्या सरकारी नियामकाकडे नोंदलेलं आहे का, पावती इलेक्ट्रॉनिक आहे का, आणि माल तपासणारा गोदामवाल्यापासून वेगळा आहे का, हे तीन प्रश्न विचारा. ठरावीक परताव्याची हमी देणाऱ्या माल-व्यवहारापासून लांब राहा.

याचा कोल्ड्रिंकच्या डब्याच्या किमतीवर किती परिणाम?
*(महाविद्यालयीन विद्यार्थिनी, मडगाव)*

डबा साधारण १३ ग्रॅमचा, म्हणजे पौंडात ३५ डबे. प्रीमियम १० सेंटने वाढला तर डब्यामागे ०.३ सेंट. पिणाऱ्याला कळतही नाही. वर्षाला अब्जावधी डबे भरणाऱ्याला मात्र कोट्यवधी डॉलर जड जातात, आणि म्हणूनच ओरड ग्राहकांनी नाही, कंपन्यांनी केली.

माझा अॅल्युमिनियम डायकास्टिंगचा छोटा कारखाना आहे. पुन्हा असं घडलं तर मला आधी कसं कळेल आणि मी काय करू शकतो?
*(लघुउद्योजक, चाकण)*

आधी आपल्या बिलाची फोड करून घ्या. पुरवठादाराकडे एकरकमी दर न मागता सूत्र मागा : एलएमईची सरासरी (कुठल्या महिन्याची ते लिहून), प्रीमियम, आयात शुल्क, रूपांतर खर्च, वाहतूक. परदेशी प्राथमिक धातूवर मूळ सीमाशुल्क ७.५ टक्के आणि त्यावर अधिभार मिळून ८.२५ टक्के पडतात. देशी उत्पादकही आपला दर आयातीच्या पडत्याशी जुळवूनच लावतात, म्हणून जपानचा तिमाही प्रीमियम वाढला की तुमचं बिल वाढतं, धातू ओडिशात तयार झाला असला तरी. तुमच्या ग्राहकाशी दरकरार करताना प्रीमियम वेगळ्या ओळीत घाला आणि तो तिमाहीला बदलेल असं लिहून घ्या. चाकणच्या बऱ्याच करारांत फक्त ‘एलएमईनुसार फरक’ एवढंच असतं. २०१४ मध्ये असे करार असलेल्यांच्या हाती एलएमई स्थिर असल्याने काहीच पडलं नसतं आणि प्रीमियमची वाढ खिशातून गेली असती.

एमसीएक्स या आपल्या कमोडिटी एक्स्चेंजवर अॅल्युमिनियमचा ५ टनांचा वायदा आहे, २०१९ पासून सक्तीच्या डिलिव्हरीचा, आणि ठाणे जिल्ह्यात त्याचं मुख्य केंद्र आहे. मूळ भावाची जोखीम त्याने झाकली जाते. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. परदेशी प्रीमियमसाठी वेगळा वायदा आपल्याकडे नाही. आणि तुम्ही एडीसी-१२ हा डायकास्टिंगचा मिश्रधातू वापरत असाल, तर तो बहुतांश भंगारातून बनतो. भंगाराचा भाव प्राथमिक धातूच्या वायद्याबरोबर नेहमी हलत नाही. म्हणून सगळ्या गरजेचं झाकण न करता आधी अर्ध्यावर करून दोन-तीन महिने फरक मोजा.

इशारा हवा असेल तर एलएमईचा रोजचा साठा-अहवाल पाहा. एकूण साठ्याच्या आकड्याने फसू नका. त्यातलं ‘रद्द वॉरंट’ किती आणि कुठल्या शहरात, हे महत्त्वाचं. एकाच शहरात साठा एकदम फुगला, मग तिथलीच वॉरंटं झपाट्याने रद्द होऊ लागली, की रांगेचा खेळ सुरू झाला असं समजा. मे २०२४ मध्ये मलेशियाच्या पोर्ट क्लांगमध्ये एका दिवसात चार लाख टनांहून जास्त अॅल्युमिनियम आत आलं आणि पाठोपाठ मोठी रद्द वॉरंटं निघाली. आता माल आणणाऱ्याला आगाऊ पैशांऐवजी, माल तिथे असेपर्यंत येणाऱ्या भाड्यात वाटा देण्याची पद्धत आहे. पोर्ट क्लांग डेट्रॉइटपेक्षा आपल्याला फार जवळचं आहे. रांगेच्या दिवसांचा अहवाल एलएमई दर महिन्याला वेगळा काढतं. त्यात आशियातल्या बंदरांची ओळ पाहत जा, आणि ती ५० दिवसांच्या जवळ गेली तर पुढच्या तिमाहीची खरेदी प्रीमियम ठरायच्या आधी बांधून टाका.